गुडघे न टेकणारा दगड : एडमोनिया लुईस

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि अमेरिकेत निग्रोंच्या दास्याविरुद्ध झटलेल्या लोकांना ती अर्पण केली, हे आपल्या चळवळीतल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. सातासमुद्रापलीकडच्या गुलामांचे दुःख पुण्यातल्या एका शूद्र घरात जन्मलेल्या माणसाला आपले वाटले, ही साधी गोष्ट नव्हे. पण त्या अर्पणपत्रिकेच्या पुढचा एक प्रश्न आम्ही क्वचितच विचारतो. मुक्त झालेले ते लोक स्वतः काय म्हणत होते? मुक्ती देणाऱ्यांचे पुतळे तर गावोगाव उभे राहिले. मुक्त होणाऱ्याने स्वतःचा पुतळा कसा घडवला?

या प्रश्नाचे एक उत्तर ‘गुलामगिरी’च्या सहा वर्षे आधी, १८६७ साली, इटलीतल्या रोम शहरात तयार झाले होते. ते पांढऱ्या संगमरवरात होते आणि ते घडवणारी होती तेवीस-एक वर्षांची मुलगी. बाप कृष्णवर्णीय. आईच्या अंगात ओजिब्वे आदिवासी आणि कृष्णवर्णीय असे दोन्ही वंश. नाव एडमोनिया लुईस. अमेरिकेतल्या दोन सर्वांत नागवल्या गेलेल्या समाजांची ही लेक होती. एका समाजाची माणसे विकली गेली, दुसऱ्याची जमीन लुटली गेली. आम्ही तिला ‘ती’ म्हणतो ते घरच्या लेकीला म्हणावे तसे. मान कमी करण्यासाठी नव्हे.

एडमोनियाचा जन्म १८४४च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यात आल्बनी शहराजवळच्या ग्रीनबुश येथे झाला. आईबाप गुलाम नव्हते, स्वतंत्र होते. पण त्या काळच्या अमेरिकेत काळ्या माणसाचे स्वातंत्र्य म्हणजे काचेचे भांडे. १८५० साली पळालेल्या गुलामांना पकडून परत पाठवण्याचा कायदा झाला आणि उत्तरेकडच्या स्वतंत्र काळ्या माणसालाही रस्त्यात उचलले जाण्याची धास्ती लागली. त्यातच एडमोनिया नऊ-दहा वर्षांची होईपर्यंत आई आणि बाप दोघेही गेले. तिला सांभाळले ते आईच्या बहिणींनी. नायगारा धबधब्याच्या परिसरात त्यांची वस्ती होती. बायका टोपल्या विणत, हरणाच्या कातड्याच्या मोजड्या शिवत, त्यांवर मण्यांचे भरतकाम करीत आणि धबधबा पाहायला आलेल्या गोऱ्या प्रवाशांना विकत. आई स्वतः विणकाम आणि नक्षीकामात तरबेज होती. म्हणजे हाताची कला ही एडमोनियाला कोणा गोऱ्या गुरूकडून मिळालेली देणगी नव्हे, तो मायघरचा वारसा होता. दगड पुढे आला. बोटे आधीच तयार झाली होती.

तिचा थोरला भाऊ सॅम्युअल सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियाला गेला आणि तिथून बहिणीच्या शिक्षणाचे पैसे पाठवत राहिला. पुढे माँटाना प्रदेशातल्या बोझमन गावात तो न्हाव्याचा धंदा करून स्थिरावला. एका न्हाव्याच्या कमाईतून एक जगप्रसिद्ध शिल्पकार शिकली, हे आपल्या वाचकांनी जरूर ध्यानात ठेवावे. आपल्याकडेही पहिल्या शिकलेल्या पिढीच्या मागे असाच एखादा भाऊ, एखादी मोलमजुरी करणारी माय उभी असते. तिचे नाव कुठे छापून येत नाही.

१८५९ साली एडमोनिया ओहायो राज्यातल्या ओबर्लिन कॉलेजात दाखल झाली. हे कॉलेज त्या काळातले अत्यंत पुरोगामी. काळ्या विद्यार्थ्यांना आणि स्त्रियांना प्रवेश देणाऱ्या अमेरिकेतल्या पहिल्या कॉलेजांत त्याची गणना होते. ओबर्लिन गावच गुलामीविरोधी. १८५८ साली गुलाम पकडणाऱ्यांच्या तावडीतून एका फरारी गुलामाला गावकऱ्यांनी सोडवून नेले होते. अशा गावात एका काळ्या-आदिवासी मुलीला काय धोका असणार, असे कोणालाही वाटेल.

जानेवारी १८६२मध्ये ते कळले. एडमोनिया एका गोऱ्या धर्मोपदेशकाच्या घरी राहत होती. त्याच घरात राहणाऱ्या दोन गोऱ्या मैत्रिणी बर्फावरच्या गाडीतून सहलीला निघाल्या आणि वाटेत आजारी पडल्या. निघण्यापूर्वी एडमोनियाने त्यांना मसालेदार गरम मद्य दिले होते. तिने त्यात विष घातले असा आरोप झाला. खटला उभा राहण्याआधीच न्याय करणारे पुढे सरसावले. एका रात्री अज्ञात माणसांनी तिला उचलले, बेदम मारले आणि थंडीत उघड्या शेतात टाकून दिले. तिला मारणाऱ्यांवर कधीही कारवाई झाली नाही. ज्या गावाने दुसऱ्याच्या गुलामाला सोडवले, त्या गावात आपल्या दारची काळी मुलगी सुरक्षित नव्हती. पुरोगामीपणाची ही मर्यादा आम्हाला नवी नाही.

तिचे वकीलपत्र घेतले ते जॉन मर्सर लँगस्टन यांनी. तेही ओबर्लिनचेच विद्यार्थी आणि ओहायोतले पहिले कृष्णवर्णीय वकील. त्यांनी भावनेचे भाषण करण्याआधी पुराव्यावर बोट ठेवले. विष दिले म्हणता, तर पोटातल्या द्रव्याची तपासणी कुठे आहे? विष होते हेच सिद्ध नाही, तर विष देणारी कशी सिद्ध होणार? खटला मोडीत निघाला. जमावाचा न्याय आणि कायद्याचा न्याय यांतला फरक त्या कोर्टात उघड झाला. कायदा शिकलेला आपला एक माणूस समाजाला किती उपयोगी पडतो, हेही दिसले. याच लँगस्टन यांनी पुढे वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात कायद्याचा विभाग उभा केला. हॉवर्डचे नाव पुन्हा येणार आहे.

पण एकदा चिकटवलेला संशय पुसला जात नाही. वर्षभरात तिच्यावर चित्रकलेचे साहित्य चोरल्याचा आरोप झाला. तोही पुराव्याअभावी टिकला नाही. तरीही तिला शेवटच्या सत्राला नाव घालू दिले नाही आणि पदवीविना ती बाहेर पडली. कोर्टाने सोडले, पण शाळेने सोडवले नाही.

एडमोनिया बॉस्टनला आली. तिथे गुलामीविरोधी चळवळीचे अग्रणी विल्यम लॉईड गॅरिसन यांनी तिची शिल्पकारांशी ओळख करून दिली. एडवर्ड ब्रॅकेट नावाच्या शिल्पकाराकडे ती मातीकाम शिकली. हाताचा, पायाचा एखादा नमुना तो द्यायचा, ती त्याची मातीत नक्कल करून आणायची, तो चुका दाखवायचा. एवढेच तिचे कलाशिक्षण. स्त्रियांना तेव्हा मानवी शरीररचनेचे रीतसर शिक्षण मिळणे दुरापास्त होते. काळ्या स्त्रीला तर विचारायलाच नको.

तिने सुरुवातीला विकले ते चळवळीच्या पुढाऱ्यांचे चेहरे. गॅरिसन, चार्ल्स समनर, वेंडेल फिलिप्स, आणि गुलामांच्या उठावासाठी फासावर गेलेला जॉन ब्राऊन यांची गोल उठावशिल्पे. मग १८६४मध्ये तिने कर्नल रॉबर्ट गोल्ड शॉ यांचा अर्धपुतळा केला. शॉ हे गोरे अधिकारी, पण नेतृत्व केले ते मॅसॅच्युसेट्सच्या ५४व्या पलटणीचे, म्हणजे काळ्या सैनिकांच्या पलटणीचे. १८ जुलै १८६३ रोजी फोर्ट वॅग्नरच्या हल्ल्यात ते आणि त्यांचे अनेक सैनिक पडले. दक्षिणेच्या सैन्याने अपमान म्हणून शॉ यांना त्यांच्या काळ्या सैनिकांबरोबर एकाच खड्ड्यात पुरले. शॉ यांच्या वडिलांनी प्रेत उकरून आणायला नकार दिला. तीच त्यांना मानाची जागा वाटली. आणि हीच ती पलटण, जिने गोऱ्या सैनिकांपेक्षा कमी पगार मिळतो म्हणून तब्बल दीड वर्ष पगारच घेतला नाही. पैशासाठी नव्हे, बरोबरीसाठी. त्या पलटणीच्या सेनानीचा चेहरा घडवायला एक काळी मुलगी पुढे आली. अर्धपुतळ्याच्या प्लास्टरच्या प्रती विकल्या गेल्या आणि त्या पैशातून १८६५ साली तिने युरोपची वाट धरली.

रोमच का? कारण संगमरवर तिथे जवळ होता, जुनी शिल्पे डोळ्यांसमोर होती आणि रंगावरून पावलोपावली हिणवणारी अमेरिका दूर होती. पण तिथेही तिने एक अवघड निर्णय घेतला. त्या काळचा शिल्पकार मातीत नमुना करायचा, त्याचा प्लास्टरचा साचा व्हायचा आणि दगडातले काम बहुधा इटालियन कारागीर करायचे. नामांकित पुरुष शिल्पकारांची हीच रीत होती, त्यात कोणाला गैर वाटत नसे. मात्र हॅरिएट हॉसमर या गोऱ्या अमेरिकन शिल्पकार स्त्रीने हीच रीत पाळली, तेव्हा तिचे काम मजुरांनीच केले असा बोभाटा छापून आला. गोऱ्या बाईची ही गत, तर काळ्या-आदिवासी बाईचे काय होणार, हे एडमोनियाने ओळखले. तिने बराच काळ दगडही स्वतःच फोडला, स्वतःच घासला. जेमतेम चार फूट उंचीची मुलगी हातोडा-छिन्नी घेऊन संगमरवराशी झुंजायची. श्रेयाची चोरी कशी होते हे ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्याला या हट्टाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

आता त्या शिल्पाकडे येऊ. आधी तिने त्याला ‘स्वातंत्र्याची सकाळ’ अशा अर्थाचे नाव दिले होते. पुढे ते ‘फॉरेव्हर फ्री’, म्हणजे ‘कायमचे मुक्त’, या नावाने प्रसिद्ध झाले. हे शब्द अब्राहम लिंकन यांच्या १ जानेवारी १८६३च्या मुक्तीच्या जाहीरनाम्यातून आलेले. तो जाहीरनामा फक्त बंडखोर राज्यांतल्या गुलामांपुरता होता. सगळ्या देशातली गुलामी कायद्याने संपली ती डिसेंबर १८६५मध्ये, तेराव्या घटनादुरुस्तीने. म्हणजे शिल्प झाले तेव्हा तुटलेल्या बेड्यांचे वळ अजून ताजे होते.

शिल्पात दोन माणसे आहेत. एक काळा पुरुष ताठ उभा आहे. त्याचा एक हात वर उचललेला, मनगटाला तुटलेल्या साखळीचा तुकडा. ज्या लोखंडी गोळ्याला त्याला जखडले होते, त्याच गोळ्यावर त्याचा पाय. दुसरा हात शेजारच्या स्त्रीच्या खांद्यावर. ती स्त्री गुडघ्यावर बसून, हात जोडून वर पाहते आहे. बस्स, एवढेच.

यात काय नाही, ते आता पाहा. यात लिंकन नाही. कोणी गोरा उपकारकर्ता नाही. बेडी तोडणारा दुसरा हात नाही. १७८७ साली इंग्लंडमध्ये जोसाया वेजवुड यांच्या कारखान्यात गुलामीविरोधी चळवळीचे पदक तयार झाले. त्यावर साखळदंडात जखडलेला, एका गुडघ्यावर बसून हात जोडणारा काळा माणूस होता. हेतू चांगला होता. ते पदक घराघरांत गेले, बायकांच्या दागिन्यांत बसले. पण त्यातून काळ्या माणसाची एकच छबी जगापुढे राहिली: याचना करणारा. ऐंशी वर्षे मित्रांनी त्याला गुडघ्यावरच बसवून ठेवले होते. एडमोनियाने त्याला उभे केले.

हा फरक किती मोठा, ते १८७६ साली कळते. त्या वर्षी १४ एप्रिलला वॉशिंग्टनमध्ये मुक्तीचे स्मारक उभे राहिले. शिल्पकार टॉमस बॉल. पैसा मुक्त झालेल्या काळ्या लोकांचा; पहिले पाच डॉलर शार्लट स्कॉट नावाच्या पूर्वीच्या गुलाम स्त्रीने आपल्या कमाईतून दिलेले. आकृती ठरवली मात्र गोऱ्यांनी. लिंकन उभे, हात पसरलेला, आणि त्यांच्या पायाशी वाकलेला, उठू पाहणारा काळा माणूस. अनावरणाचे भाषण करणारे फ्रेडरिक डग्लस हे स्वतः गुलामीतून पळून आलेले. त्यांनी थोड्याच दिवसांत वर्तमानपत्राला पत्र लिहून आपली खंत कळवली. मरण्यापूर्वी काळ्या माणसाला गुडघ्यावर नव्हे, आपल्या पायांवर उभा असलेला पाहावा अशी त्यांची इच्छा होती. या स्मारकाची बॉस्टनमधली प्रतिकृती लोकांच्या मागणीवरून डिसेंबर २०२०मध्ये हलवण्यात आली. डग्लस यांना हवा होता तो उभा माणूस एका काळ्या मुलीने नऊ वर्षे आधीच घडवला होता. वर्गणी आपली आणि आकृती दुसऱ्याची, असे झाले की पुतळा आपला असूनही आपला राहत नाही.

पण आम्ही भक्तिभावाने डोळे मिटून घेणार नाही. पुरुष उभा आहे, मग बाई गुडघ्यावर का? तिचे केस, तिचा चेहरा काळ्या स्त्रीचा का वाटत नाही? हे प्रश्न आपल्या चळवळीतल्या भगिनी विचारणार आणि त्यांनी ते विचारलेच पाहिजेत. काही अभ्यासक म्हणतात की स्त्रीच्या चेहऱ्यात स्वतःचा वंश दाखवला असता, तर प्रेक्षकांनी प्रत्येक मूर्तीत एडमोनियाच शोधली असती. तिची कला बाजूला राहून तिच्या रंगाचीच चर्चा झाली असती. हे खरे असू शकते, कारण तिच्या स्टुडिओत येणारे प्रवासी दगडापेक्षा तिच्याकडेच अधिक पाहत आणि वर्तमानपत्रे तिच्या लाल टोपीचे वर्णन करीत. दुसरीही गोष्ट आहे. गुलामाला कायद्याने विवाह नव्हता, कुटुंब नव्हते; नवरा एका मालकाला, बायको दुसऱ्याला विकली जाई. तेव्हा स्त्रीच्या खांद्यावरचा तो हात हाही एक हक्कच होता. हे सगळे मान्य करूनही आम्हाला वाटते, त्या स्त्रीला अजून उठायचे होते. आणि ती उठली. एडमोनियाच्याच हातून उठली.

त्याआधी हितचिंतकांविषयी. लिडिया मारिया चाइल्ड या गुलामीविरोधी चळवळीतल्या नामवंत लेखिका. त्यांनी एडमोनियाला आधार दिला, तिच्याविषयी लिहिले. पण ती मोठी कामे हाती घेऊ लागली तशा त्या अस्वस्थ झाल्या. शॉ यांचा पुतळा तिने करू नये असे त्यांना वाटत होते. कोणी मागणी केलेली नसताना ‘फॉरेव्हर फ्री’ संगमरवरात घडवून तिने बॉस्टनला पाठवले, तेव्हा त्यांनी पाठराखण केली नाही. हळू शिक, कर्ज करू नकोस, पायरी ओळख, असा त्यांचा सूर होता. सल्ला वाईट नव्हता. पण आपली पायरी कोणती हे दुसऱ्याने ठरवायचे, हा त्यातला काटा होता. एडमोनियाने तो मानला नाही. १८६९ साली बॉस्टनच्या ट्रेमाँट टेंपलमध्ये ते शिल्प लिओनार्ड ग्राइम्स या कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना समारंभाने अर्पण झाले. आज ते हॉवर्ड विद्यापीठाच्या कलासंग्रहात आहे. ज्या लँगस्टन यांनी तिला तुरुंगापासून वाचवले, त्यांच्याच विद्यापीठात!

आईकडचा वारसाही तिने सोडला नाही. कवी लाँगफेलो यांचे हायावाथावरचे काव्य १८५५ साली निघाले आणि अमेरिकाभर गाजले. त्यातला नायक ओजिब्वे, नायिका मिनेहाहा डकोटा. दोन वैरी जमातींतला सलोखा त्यांच्या लग्नातून होतो. एडमोनियाने या कथेवर अनेक शिल्पे केली. त्यांतले ‘म्हातारा बाण घडवणारा आणि त्याची मुलगी’ हे आम्हाला फार मोलाचे वाटते. बाप बाणाचे टोक घडवतो आहे, मुलगी चटई विणते आहे, पायाशी हरीण पडले आहे. दोघांनी मान वर केली आहे, जणू कोणी दारात आले आहे.

हे शिल्प होत होते तो काळ आठवा. डिसेंबर १८६२मध्ये मिनेसोटातल्या मॅन्काटो येथे ३८ डकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी दिले गेले. नोव्हेंबर १८६४मध्ये सँड क्रीक येथे शायेन आणि अरापाहो लोकांच्या वस्तीवर सैन्याने हल्ला करून बायका-मुलांसकट कत्तल केली. गोऱ्यांची वर्तमानपत्रे आदिवासीला रानटी, रक्तपिपासू म्हणून रंगवत होती. तेव्हा त्याच आदिवासीला घरात, कामात, लेकीजवळ बसलेला दाखवणे म्हणजे त्या छापील खोटेपणाला दिलेले उत्तर होते. आणि त्या विणणाऱ्या मुलीत एडमोनियाची आई आहे, मावश्या आहेत. कथा गोऱ्या कवीची, घडण ग्रीक-रोमन, दगड इटलीचा, पण विणणारी बोटे नायगाराची. मिश्र वारसा म्हणजे काय, हे यापेक्षा सोपे करून कोण सांगणार? तिने दोन्हींपैकी कोणताही समाज नाकारला नाही आणि गोऱ्यांचे शास्त्र शिकण्यातही कमीपणा मानला नाही. हत्यार कोणाचे, यापेक्षा ते कोणाच्या हातात आहे आणि कशासाठी, हे महत्त्वाचे.

१८७५ साली तिने ‘हागार’ घडवली. हागार ही बायबलमधली इजिप्शियन दासी. मालकिणीला मूल होत नाही म्हणून तिला मालकाच्या हवाली केले, मूल झाले आणि मग मायलेकरांना वाळवंटात हाकलून दिले. अमेरिकेतल्या काळ्या बायकांनी या कथेत आपलीच कथा वाचली होती, कारण मालकाचा अत्याचार आणि मालकिणीचा जाच दोन्ही त्यांनी भोगले होते. एडमोनियाची हागार हात जोडूनच आहे, वरच पाहते आहे, पायाशी पाण्याचे भांडे कलंडले आहे. पण ती उभी आहे आणि पाऊल पुढे पडते आहे. आठ वर्षांपूर्वी गुडघ्यावर असलेली बाई इथे चालू लागली.

पुढच्याच वर्षी ती सिंहासनावर बसली. अमेरिकेच्या स्वातंत्र्याची शंभरी म्हणून १८७६ साली फिलाडेल्फियात भव्य प्रदर्शन भरले. उद्घाटनाच्या दिवशी खुद्द फ्रेडरिक डग्लस यांना पोलिसांनी मंचाकडे जाताना अडवले होते. त्या प्रदर्शनात एडमोनियाने ‘क्लिओपात्राचा मृत्यू’ हे तेराशे किलोंहून अधिक वजनाचे शिल्प मांडले. इजिप्तची ही राणी रोमच्या विजयी मिरवणुकीत कैदी म्हणून फिरण्यापेक्षा मरण पत्करते. दुसऱ्या शिल्पकारांनी विचारात गढलेली सुंदर क्लिओपात्रा दाखवली होती. एडमोनियाने मेलेली दाखवली: मान मागे कललेली, हात लोंबता, अंगावर राजवस्त्र, हातात साप. काहींनी वाखाणले, काहींना मृत्यूचे इतके खरे दर्शन सोसवले नाही. आत्महत्येचा गौरव आम्ही करणार नाही. पण तमाशा म्हणून मिरवले जायला नकार देणारी राणी ही कोणाची निवड होती, हे विसरता येत नाही. एडमोनियाला आयुष्यभर लोक नवलाची वस्तू म्हणून पाहत आले होते.

पुढची कहाणी विस्मृतीची आहे. ते प्रचंड शिल्प विकले गेले नाही. १८७८ साली शिकागोत दाखवल्यावर ते तिथेच राहिले आणि शेवटी एका जुगारी धनिकाच्या हाती गेले. त्याची क्लिओपात्रा नावाची शर्यतीची घोडी मेली होती. तिच्या थडग्यावर त्याने हे शिल्प बसवले! शर्यतीचे मैदान गेले, गोल्फचे मैदान आले, युद्धकाळात दारूगोळ्याचा कारखाना आला, मग टपाल खात्याची इमारत आली. १९७०च्या दशकात ते एका कंत्राटदाराच्या भंगाराच्या आवारात जाऊन पडले. तिथे एका अग्निशमन निरीक्षकाची नजर त्यावर गेली आणि बालवीरांनी चांगल्या हेतूने त्यावर रंग फासला. स्थानिक इतिहासप्रेमी आणि अभ्यासक मेरिलिन रिचर्डसन यांच्या खटपटीने ते ओळखले गेले आणि १९९४ साली वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात पोहोचले.

शिल्पाची जी गत, तीच शिल्पकाराची. १८७७ साली दक्षिणेतून सैन्य काढून घेतले गेले, काळ्यांना दिलेली वचने गुंडाळली गेली आणि गोऱ्या हितचिंतकांचा उत्साहही ओसरला. संगमरवरी शिल्पांची चालही मागे पडली. १८८७ साली डग्लस रोमला गेले तेव्हा एडमोनिया त्यांना भेटली, काम करीतच होती. त्यानंतर तिचा माग पुसट होत जातो. पॅरिस, मग लंडन. ती कुठे आणि केव्हा गेली हेही अनेक दशके कोणाला सांगता येत नव्हते. १७ सप्टेंबर १९०७ रोजी लंडनच्या हॅमरस्मिथमधल्या इस्पितळात तिचा मृत्यू झाला, हे कागदपत्रांवरून निश्चित झाले ते शंभरावर वर्षांनी. केन्सल ग्रीनच्या कॅथलिक दफनभूमीत तिची कबर नावाविना पडून होती. २०१७ साली लोकवर्गणीतून तिच्यावर नावाचा दगड बसला. आयुष्यभर दगडात दुसऱ्यांची नावे जागवणाऱ्या बाईला स्वतःच्या नावाच्या दगडासाठी ११० वर्षे थांबावे लागले. तिच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी, १९१६ साली, त्याच लंडनमध्ये बाबासाहेब शिकायला उतरले, तेव्हा तिथे कोणालाही तिची आठवण नव्हती.

जानेवारी २०२२मध्ये अमेरिकेने तिचे टपाल तिकीट काढले. त्याच वर्षी ओबर्लिन कॉलेजने तिला मरणोत्तर पदवी दिली, नाकारल्यानंतर जवळजवळ एकशे साठ वर्षांनी. उशिरा का होईना, कॉलेजने चूक मान्य केली हे चांगलेच झाले. पण ही पदवी तिच्या उपयोगाची नाही. ती उपयोगाची आहे आज कुठल्यातरी वसतिगृहात संशयाच्या नजरा झेलत शिकणाऱ्या मुलीच्या, आणि तिच्या बाबतीत तीच चूक करू पाहणाऱ्यांना वेळीच अडवण्याच्या.

पुतळ्याचे मोल आपल्या वाचकांना आम्ही सांगायला नको. पुतळा म्हणजे नुसता धातू किंवा दगड असता, तर त्याच्या विटंबनेसाठी रात्रीच्या अंधारात कोणी आले नसते. आपण वर्गणी काढतो, चौथरा बांधतो, अनावरण करतो. एडमोनियाच्या चरित्रातून आणखी एक प्रश्न विचारायला शिकू या: आकृती कोणी ठरवली, छिन्नी कोणाच्या हातात होती? आपल्या वस्तीत मातीचे बैल आणि बाहुल्या करणारी एखादी पोर असेल, जिचे कौतुक दोन दिवस होते आणि मग तिच्यासाठी नोकरीचा अर्ज आणला जातो. वकील घडवा, डॉक्टर घडवा, अधिकारी घडवा. पण त्या पोरीलाही कलाशाळेची फी द्या. सॅम्युअल न्हाव्याने तेच केले होते.